एफ्राइमची तारीख

विचुंबे, नवीन पनवेल
१० जून २०२३

ती. जोकबेदआत्या हिस,
नोमचा सप्रेम शालोम. वि. वि.

तुला फोनवरचं ऐकू येत नाही आणि स्क्रीनवरचं वाचवत नाही, म्हणून नेहमीसारखं कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. तुझ्या नातीला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांग. अक्षराला नावं ठेवू नकोस. दिवसभर बटणं बडवणाऱ्याच्या हाताला आता एवढंच जमतं.

आधी मुद्द्याचं. पप्पांचं पहिलं वर्ष सोमवारी, २६ जूनला संध्याकाळी आहे. कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष हवेत आणि पनवेलात मला सोडून धरूनबांधून सात उरलेत, त्यातले दोघे काठी टेकत येणारे. बाकी तिघे पेण-अलिबागहून येतील. आपल्या लोकांच्या अशा सगळ्या तारखांसाठी मी हिवाळ्यात एक छोटा प्रोग्राम लिहिला. माणूस गेल्याची इंग्रजी तारीख घातली की तो आपली हिब्रू तारीख काढतो आणि वेळ आली की दहाही जणांना आपोआप मेसेज पाठवतो. कॅलेंडर चाळायला नको आणि कुणाला सांगायचं राहिलं म्हणून रुसवेफुगवे नकोत.

आता माझं डोकं कशाने फिरलंय ते ऐक. नेमक्या त्याच सोमवारी संध्याकाळी ऑफिसने रिलीज ठेवलं होतं. रिलीज म्हणजे नव्याने लिहिलेला प्रोग्राम चालू करायचा आणि तो कोसळला तर उचलायला तिथे हजर राहायचं. उदयसिंह म्हणून माझा मॅनेजर आहे, पुण्यात बसतो. त्याला सांगितलं तर म्हणतो, प्रार्थना तासाभराचीच ना, लॅपटॉप पिशवीत घेऊन जा. मी त्याला म्हणालो की तुझ्या घरच्या श्राद्धाला तू पिंडाशेजारी लॅपटॉप ठेवतोस का. तीन आठवडे भांडलो, त्याच्या वरच्यालाही लिहिलं. शेवटी रिलीज मंगळवारी, २७ला ढकललं, तेही स्वतःच्या खिशातून काही काढून दिल्यासारखं तोंड करून.

हा रिलीजचा घोळ कशामुळे, तर माझ्याआधीच्या माणसाच्या गाढवपणामुळे. द्रोणागिरीच्या एका गोदामात कुठला ट्रक किती वाजता आत घ्यायचा ते आमचा प्रोग्राम ठरवतो. गोदामाचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो. या शहाण्याने तो रात्री बाराला सुरू होतो असं धरून सगळं लिहिलं, आणि यंदा रात्रपाळी सुरू झाल्यावर तिचे ट्रक भलत्याच तारखेत पडायला लागले. ड्रायव्हर बिचारे फाटकावर आठ-आठ तास उपाशी. दिवस कधी सुरू होतो, एवढं एक तिथे जाऊन विचारायला काय झालं होतं त्याला? तो समोर आला तर मी त्याला सोडणार नाही.

बाकी इथे टँकरचं पाणी, समोर नव्या बिल्डिंगचं काम आणि मिटिंगमध्ये ड्रिलचा आवाज. तब्येतीला जप आणि मला तुझ्या प्रार्थनेत असू दे.

तुझा,
नोम


अश्दोद
१३ जून २०२३

चि. नोम यास,
जोकबेदआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, पण ठेवायची तेवढी नावं तुझ्या चौथीतल्या पत्रांनाच ठेवून झाली आहेत.

एक गोष्ट मला मुळीच आवडली नाही. मेलेल्या माणसाच्या प्रार्थनेचं बोलावणं मेसेजने करतात? तुझा बाप पनवेल डेपोत बसगाड्या सोडायचा, बारा-बारा तास ड्यूटी करायचा, आणि तरी आमच्या आईच्या वर्षाच्या आधी प्रत्येकाच्या दारात जाऊन उभा राहायचा. चहा घ्यायचा, गुडघेदुखी ऐकून घ्यायचा आणि मग निघताना सांगायचा. मेसेज काय, माणूस बोटाने पुसून टाकतो.

गोदामाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला तू गाढव म्हणालास. आता मी तुलाच विचारते, आपला दिवस कधी सुरू होतो? दिवेलागणीला. म्हणजे एफ्राइम दिवे लागायच्या आधी गेला असेल तर तुझा सोमवार बरोबर. नंतर गेला असेल तर त्याची तारीख पुढची, आणि प्रार्थना मंगळवारी संध्याकाळी. तू मला तेव्हा एवढंच कळवलंस, की पप्पा काल संध्याकाळी गेले. वर्ष झालं, वेळ मला कुणी सांगितलेली नाही. मी ऐंशीला टेकले आहे, विमानात बसायला डॉक्टर सोडत नाहीत. भावासाठी मला तिथे काही करता येत नाही, निदान ते बरोबर दिवशी होतंय एवढं तरी कळू दे.

वेळ कळव. आणि लग्नाचं बघ. अडतिसाव्या वर्षी माणसाला नुसत्या मॅनेजरशी भांडून भागत नाही.

देवाची तुझ्यावर नजर राहो,
जोकबेदआत्या


विचुंबे, नवीन पनवेल
१५ जून २०२३

ती. आत्या हिस,
शालोम. वि. वि.

सात वाजता. डॉक्टरच्या दाखल्यावर सात वाजता असं लिहिलेलं आहे. ७ जुलै २०२२ला इथे सूर्य सात वीसला मावळला. सोमवार बरोबर आहे.

तू मला काय समजतेस ते कळलं. माझ्या प्रोग्राममध्ये याच कारणासाठी वेगळा प्रश्न आहे, दिवे लागायच्या आधी की नंतर. प्रत्येक घरी फोन करून मी तो विचारला आणि मग उत्तर भरलं. एकाच्या आईची तारीख गेली अकरा वर्षं चुकत होती, ती मी दुरुस्त करून दिली. त्यामुळे दिवस कधी सुरू होतो हे मला शिकवू नकोस.

आता तू काढलंच आहेस तर मीही बोलतो. दारात जाऊन सांगायचं म्हणतेस. कुणाच्या दारात? तू त्र्याहत्तर साली इस्रायलला गेलीस, मागोमाग तुझे दीर, मग माझे दोन्ही मामा. जाताना प्रत्येकाने पप्पांच्या हातात एकेक किल्ली ठेवली, की बघत जा हो. ते बघत राहिले. त्यांचा दमा, त्यांचं पथ्य, हॉस्पिटलच्या रांगा, सिनेगॉगचं गळकं छप्पर, हे सगळं मी नोकरी सांभाळून केलं. सकाळी साडेनवाला मिटिंगमध्ये तोंड दाखवायचं आणि काल काय केलंस ते शाळेतल्या पोरासारखं सांगायचं. कोड लिहायला दोन तास, त्याबद्दल बोलायला सहा. मधल्या वेळात पप्पांची वाफ. तुम्ही समुद्राकाठी बसून तारखांच्या चुका काढा.

मेसेज सगळ्यांना गेले आहेत, दहाही जण हो म्हणाले आहेत. आता यात काही बदलणार नाही.

रागावलो असलो तरी तुझाच,
नोम


अश्दोद
१९ जून २०२३

चि. नोम यास,
आशीर्वाद.

गेलेल्यांनी किल्ल्या दिल्या हे खरं आहे. त्याबद्दल तू मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन. पण खोटं बोललास ते मी ऐकून घेणार नाही.

त्या संध्याकाळी एफ्राइम माझ्याशी बोलला होता. नातीच्या फोनवर, चेहरा दिसतो तसा. तुझं पत्र वाचल्यावर मी तिला त्या कॉलची जुनी नोंद शोधायला लावली. तिने ती काढली, छापून या पत्रासोबत पाठवते आहे. आमच्याकडे पाच अठरा ते पाच एकतीस. आपल्यात अडीच तासांचं अंतर आहे, हिशेब तुला येतो. तुमच्या घड्याळात सात अठ्ठेचाळीस ते आठ एक. त्याच्या मागची खिडकी काळी झालेली मी पाहिली होती.

तुझ्या दाखल्याप्रमाणे तो तेव्हा मेलेला होता.

सात वाजता हे त्या डॉक्टरला कोणी सांगितलं? तो आठनंतर गेला, तेव्हा घरात तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. मग तुला वेळ माहीत कशी नाही? तू कुठे होतास?

हे लिहून पाठव. पाठवेपर्यंत मी दुसरं काही लिहिणार नाही.

जोकबेदआत्या


विचुंबे, नवीन पनवेल
२३ जून २०२३

ती. आत्या हिस,
शालोम.

घरातच होतो. बाजूच्या खोलीत, दार लावून.

साडेसहाला मिटिंग सुरू झाली. पप्पा बाहेर हॉलमध्ये खुर्चीत होते. सातच्या सुमाराला त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मी उठलो, दार पक्कं लावलं आणि कानाला हेडफोन चढवले, कारण पलीकडच्या लोकांना खोकला ऐकू जात होता. आठ वीसला मिटिंग संपली. बाहेर आलो तर हॉलमध्ये अंधार. मी आधी दिवा लावला आणि त्यांना विचारलं, की अंधारात काय बसलात.

डॉक्टरने वेळ विचारली तेव्हा मी सात सांगितलं. शेवटचा त्यांचा आवाज मी सातला ऐकला होता. नंतरची ऐंशी मिनिटं मला माहीत नाहीत असं त्याच्यासमोर बोलवलं नाही. त्याने लिहून घेतलं, आणि कागदावर आल्यावर ते मलाही खरं वाटायला लागलं. प्रोग्राममध्ये पप्पांचं नाव भरताना तो प्रश्न आलाच, आधी की नंतर. मीच लिहिलेला प्रश्न. इतर घरच्यांना मी खोदून खोदून विचारलं होतं, आणि स्वतःच्या बापाच्या नावापुढे दोन सेकंदांत 'आधी' भरून मोकळा झालो.

त्या मिटिंगमध्ये काय ठरलं ते मला आता आठवत नाही. मी शोधून काढलं. गोदामाच्या फाटकावरच्या स्क्रीनवर ट्रकचा नंबर डावीकडे दाखवायचा की उजवीकडे, यावर चाळीस मिनिटं बोलणं झालं होतं. मी उजवीकडे म्हणत होतो. हे वाचल्यापासून मला कुठलीही वस्तू हातात घेतली की भिंतीवर मारावीशी वाटते.

तर प्रार्थना मंगळवारी. आणि मंगळवारी संध्याकाळी रिलीज आहे, जे मीच तीन आठवडे आकांडतांडव करून तिथे नेऊन बसवलं. काल उदयसिंहला फोन केला. सगळं खरं सांगितलं, तुला सांगितलं तसंच. तो म्हणाला, की नोम, तुझ्या सोमवारसाठी मी चौदा माणसांच्या सुट्ट्या हलवल्या, आता ते हलणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. तरी मला त्याचा इतका राग आला, की मी सांगून टाकलं, मंगळवारी सहाला लॅपटॉप बंद होईल, पुढे काय करायचं ते कर.

मेसेज पाठवणार नाही. दिवस बदलला हे सांगायला उद्या शनिवारचा शब्बाथ उतरल्यावर आणि परवा दिवसभर दारोदार जातो आहे. दहा जण पुन्हा जमतील की नाही, सांगता येत नाही. पेणचे दोघे मंगळवारी कामावर असतात.

तू लिहिणार नाही म्हणालीस. बरोबर आहे. मी मात्र लिहीन.

नोम


विचुंबे, नवीन पनवेल
२८ जून २०२३

ती. आत्या हिस,
नोमचा शालोम. वि. वि.

शनिवारपासून कालपर्यंतचं सांगतो, सगळं आणि क्रमाने.

आमची बिल्डिंग ज्याच्या शेतावर उभी आहे तो भगवान, त्याने आपली गाडी काढली. घरात पप्पांना पाहून मी जिन्यात ओरडलो होतो तेव्हा धावत आलेला पहिला माणूस तोच. वाटेत त्याने एवढंच विचारलं, की लोकांच्या दारावं पयल्यांदाच चाललास काय. मी हो म्हणालो. त्यावर म्हणाला, की मंग नीट बस, घाई करू नको, लोक च्या पाजतील.

पहिल्या दोन घरी मी खोटं बोललो. प्रोग्राममध्ये गडबड झाली, असं सांगितलं. त्यांनी लगेच मान्य केलं, म्हणाले, यंत्रांचं असंच असतं. तिसऱ्या घरी, सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्या हझानांनी विचारलं, की गडबड यंत्राची की तुझी. मग मी त्यांना सांगितलं. त्यांच्या बायकोने पुढे केलेला कप मागे घेतल्यासारखं मला वाटलं. नंतर परत जाऊन पहिल्या दोन घरीही खरं सांगून आलो. आत्या, सात जिने चढून प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य बोलणं काय असतं, ते तुला सांगू शकत नाही. अलिबागला आणि पेणलाही गेलो. पेणचे दोघे नाही म्हणाले. त्यांच्यावर रागवायचा मला हक्क नव्हता, तरी परतताना मी भगवानच्या गाडीत शिव्या दिल्या.

आठ झाले, मी नववा. मग मी कळंबोलीला हेस्केलकाकांकडे गेलो. लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसतात ते. पंधरा वर्षांपूर्वी छपराच्या कामावरून पप्पांशी त्यांचं वाजलं, तेव्हापासून सिनेगॉगची पायरी चढलेले नाहीत. माझ्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. त्यांनी मला काट्यापाशी उभं ठेवलं, दोन ट्रक मोजले आणि मग म्हणाले, की तुझ्या बापाने एकदा तरी यायचं होतं. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

मंगळवारी सहाला मी लॅपटॉप आणि फोन दोन्ही बंद केले. साडेसातला नऊ जण झालो. पावणेआठ, आठ, सव्वाआठ. प्रत्येक मिनिटाला मी एकाएकाचे चेहरे मोजत होतो आणि नऊच भरत होते. हझान म्हणाले, की नऊ जणांत कद्दीश होत नाही, आता स्तोत्रं म्हणू. मला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं आणि तिथे माझ्याशिवाय दोषी कोणी नव्हतं. तेवढ्यात हेस्केलकाका आले. कामाच्याच कपड्यांत होते. कुणाकडे न बघता शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि रागाने म्हणाले, की सुरू करा, मला परत जायचंय.

मी कद्दीश म्हणालो. मधे दोनदा अडखळलो. पण झाला, आत्या. दहा माणसांत, बरोबर दिवशी.

घरी येऊन फोन चालू केला तर एक्केचाळीस कॉल. रिलीज कोसळलं होतं, सत्यजीत नावाच्या नव्या माणसाने एकट्याने पहाटेपर्यंत झुंजून सावरलं. आज सकाळी उदयसिंहने द्रोणागिरीचं काम माझ्याकडून काढून त्याला दिलं. पाच वर्षं केलेलं काम. मी भांडलो नाही. सत्यजीतला फोन करून माफी मागितली आणि त्याला त्या गोदामाचा दिवस कधी सुरू होतो ते समजावून सांगितलं.

तू अजून रागावलेली असशील. रागावूनच लिही, पण लिही.

तुझा,
नोम


अश्दोद
३० जून २०२३

चि. नोम यास,
जोकबेदआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कद्दीश झाला ते नातीकडून दोनदा वाचून घेतलं असतं, पण मला ऐकू येत नाही, म्हणून मीच दोनदा वाचलं. हेस्केलला माझा शालोम सांग. तो लहानपणापासून असाच आहे, येतो आणि वर डाफरतो.

आता माझं ऐक. आम्ही त्या तेरा मिनिटांत काय बोललो, ते तू विचारलं नाहीस. मला वाटतं तू घाबरलास. मीही सांगायला घाबरत होते, म्हणून तुला खोटारडा म्हणून बसले.

एफ्राइम माझ्याशी बोलताना मांडीवर पाटी घ्यायचा. मी मोठ्याने बोलायची आणि तो खडूने मोठ्या अक्षरात लिहून दाखवायचा. त्या दिवशी त्याला धाप लागली होती. मला दिसत होती. फोनच्या उजेडात खांदे वर-खाली होत होते, ओठ नीट दिसत नव्हते. मी त्याला म्हणाले, नोमला हाक मार. त्याने मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, हळू बोल, पोराची मिटिंग चालू आहे. मला माझा आवाज कळत नाही, मी आणखीच ओरडले असेन. त्याने तुझ्या दाराकडे पाहिलं, पाटी पुसली, लिहिलं, उद्या बोलू, आणि फोन बंद केला. माझं बोलणं तुला ऐकू जाऊ नये म्हणून.

नात शेजारीच उभी होती. तिला तुझा नंबर लावायला सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मी तिला सांगितलं नाही. तो उद्या म्हणाला, मीही उद्या म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला.

तेव्हा तू एकट्याने सगळं डोक्यावर घेऊ नकोस, मला त्यानेही राग येतो. तू दार लावलंस, त्याने हाक मारली नाही आणि मी फोन लावला नाही. एफ्राइमवर रागवायची सोय राहिली नाही, आणि स्वतःवर रागवून मी थकले. वर्षभर तुझ्यावर रागावत आले, कारण तू जिवंत आहेस आणि पत्राला उत्तर देतोस.

असाच देत जा, बाळा.

तुझी,
जोकबेदआत्या